घरातली शाळा सुटते तेव्हा

मुलाला शाळेत न घालता घरी शिकवणे म्हणजे होमस्कूलिंग, आणि घरीही न शिकवणे म्हणजे अनस्कूलिंग. व्याख्या ढोबळ आहे, जराशी खोडसाळही आहे. पण दोन्हींमधला फरक ती पटकन दाखवते. होमस्कूलिंगमध्ये शाळेची इमारत जाते, अभ्यासक्रम राहतो. अनस्कूलिंगमध्ये अभ्यासक्रमही जातो. काय शिकायचे, केव्हा, किती वेळ आणि कोणाकडून, हे मूल ठरवते. मोठी माणसे सोबत असतात, लागेल ते आणून देतात, विचारले तर सांगतात, न विचारता फार सांगत नाहीत. या दुसऱ्या प्रकाराला मराठीत अजून रुळलेला शब्द नाही. ‘मुक्त शिक्षण’ म्हटले की मुक्त विद्यापीठ आठवते, आणि ‘स्वयंशिक्षण’ म्हटले तर आई-बाबा चित्रातून बाहेर पडतात. म्हणून हे करणारी मराठी कुटुंबेही अनस्कूलिंग हाच शब्द वापरतात.

फार थोडी कुटुंबे थेट इथे पोचतात. कोणाचे मूल शाळेत दबून राहते, कोणाची दर दोन वर्षांनी बदली होते, कोणाच्या मुलाची तब्येत वर्गाला झेपत नाही; शाळा सुटते, आणि लगोलग घरात दुसरी शाळा भरते. सकाळी साडेआठला डायनिंग टेबलावरच्या कपबश्या उचलल्या जातात, टेबल पुसले जाते. फ्रिजच्या दारावर मॅग्नेटखाली वेळापत्रक लावलेले असते: नऊ ते पावणेदहा गणित, मग मराठी, मग पंधरा मिनिटांची सुट्टी, मग परिसर अभ्यास. बालभारतीचे पुस्तक, रेघी वही, टोक केलेल्या चार पेन्सिली. पहिल्या आठवड्यात मुलालाही गंमत वाटते. पावणेदहाला संपायचे गणित मात्र सव्वानऊलाच संपते, कारण वर्गात विद्यार्थी एकच असतो. हजेरी नाही, फळा उतरवून घेणे नाही, चाळीस वह्या तपासणे नाही, मागच्या बाकावरची कुजबुज थांबवणे नाही. उरलेल्या अर्ध्या तासाचे काय करायचे, हा घरशाळेपुढचा पहिला खरा प्रश्न असतो. बहुतेक आया तिथे आणखी एक वर्कशीट ठेवतात.

घरात शाळा उभी करण्याची तयार सामग्री शतकभरापूर्वीपासून मिळते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट स्कूलने १९०६ मध्ये घरी शिकवण्याचा अख्खा अभ्यासक्रम टपालाने पाठवायला सुरुवात केली. रोज कोणता धडा घ्यायचा हेही त्यात ठरवून दिलेले असे. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी छोटे तास, चांगली पुस्तके आणि ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे यांवर एक पद्धत बसवली. ती आजही हजारो घरांत चालते. व्याकरण, तर्क, वक्तृत्व या जुन्या युरोपीय क्रमाने जाणारा ‘क्लासिकल’ पंथ १९९९ च्या ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ या पुस्तकानंतर पसरला. भारतीय घरांत यांतले थोडे थोडे येते, पण कणा एनसीईआरटी किंवा राज्य मंडळाच्या पुस्तकांचाच राहतो. शाळेवर नाराज असलेले पालकही शाळेचेच पुस्तक आणतात, कारण शिक्षण म्हणून त्यांनी दुसरे काही पाहिलेले नसते.

पुढे काय होते, याचे सर्वांत उपयोगी वर्णन ॲलन थॉमस या अभ्यासकाने केले आहे. त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या घरी शिकवणाऱ्या १०० कुटुंबांचा अभ्यास केला; त्यावरचे त्यांचे पुस्तक १९९८ मध्ये आले. घरी शिकवणारे लोक शाळेचीच छोटी आवृत्ती चालवत असतील, अशी कोणाचीही अपेक्षा असते. अनेकांनी सुरुवात तशी केलीही होती. पण महिने-वर्षे जातील तशी बरीच कुटुंबे ढिली होत गेलेली त्यांना दिसली. कोणी अखेरपर्यंत वेळापत्रक पाळले, कोणी ते पार सोडून दिले, बहुतेक जण मध्ये कुठेतरी थांबले. महत्त्वाचे म्हणजे हा बदल सहसा पुस्तक वाचून किंवा तत्त्व पटून झालेला नव्हता. मुलाने तो करायला लावला होता. टेबलावर समोरासमोर बसलेल्या एका मुलाचे लक्ष उडाले की ते लपत नाही. चाळीसांच्या वर्गात शिक्षिका पुढे जाऊ शकते. घरात आईला त्याच क्षणी कळते की आता ती एकटीच बोलत आहे. उलट जेवताना, भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर मूल जे विचारते त्यावर वीस मिनिटे बोलणे होते, आणि ते पुढे आठवडाभर त्याच्या डोक्यात राहते. वेळापत्रक हे मुळात गर्दी सांभाळण्याचे साधन आहे, ही गोष्ट गर्दी नसलेल्या घरात लवकर उघडी पडते.

ज्याच्यामुळे या बदलाला नाव मिळाले तो माणूस शिक्षक होता. जॉन होल्ट (१९२३–१९८५) यांनी पाचवीच्या वर्गाला शिकवत असताना मुलांचे निरीक्षण करून टिपणे ठेवली. त्यांतून १९६४ मध्ये ‘हाउ चिल्ड्रन फेल’ आणि १९६७ मध्ये ‘हाउ चिल्ड्रन लर्न’ ही पुस्तके आली. त्यांच्या टिपणांत दिसणारे मूल प्रश्नाकडे बघत नाही, बाईंच्या चेहऱ्याकडे बघते. अर्धे उत्तर पुटपुटते, भुवई हलली की शब्द फिरवते, आणि उत्तर बरोबर निघाले की सुटकेचा श्वास सोडते. हुशार मुलेही शाळेत मुख्यतः बाईंना ओळखायला शिकतात, विषय राहून जातो, असे होल्ट यांचे निदान होते. सुरुवातीला त्यांचा भरवसा शाळा सुधारण्यावर होता. पुढे मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका येथे इव्हान इलिच यांच्याशी त्यांचा संवाद झाला. शाळाव्यवस्थेवर टीका करणारे इलिच यांचे ‘डीस्कूलिंग सोसायटी’ हे पुस्तक १९७१ चे. शाळा सुधारेल ही होल्ट यांची आशा हळूहळू संपली. ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांनी बोस्टनहून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे छोटे नियतकालिक सुरू केले. ‘अनस्कूलिंग’ हा शब्द त्यात रुजला. तेव्हा त्याचा अर्थ मुलांना शाळेतून काढणे एवढाच होता. घरात अभ्यासक्रम लावणारे आणि न लावणारे अशी फाळणी नंतर झाली, तेव्हा हा शब्द दुसऱ्या गटाकडे गेला. होल्ट यांचे नियतकालिक त्यांच्या मृत्यूनंतरही २००१ पर्यंत निघत राहिले.

एका कुटुंबात हा बदल कसा घडतो, याला ठरलेला क्रम नाही. पण विषय सुटण्याचा क्रम बराच सारखा दिसतो. आधी चित्रकला आणि ‘कार्यानुभव’ वेळापत्रकातून जातात, कारण मूल ते एरवी करतच असते. मग इतिहास-भूगोल. सिंहगड चढून आलेल्या मुलाला तानाजीच्या धड्याखालचे प्रश्नोत्तर लिहायला लावणे आईलाच कसेसे वाटू लागते. विज्ञान पाठोपाठ सुटते. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काड्या, व्हॉल्व्ह ट्यूब आणि स्ट्रॉ यांतून खेळण्यांचा जो खजिना उभा केला, तो पाहिलेल्या पालकाला विज्ञानाचा तास लावावासा वाटत नाही. भाषा अर्धवट लोंबकळत राहते: वाचन सुटते, शुद्धलेखन टिकते. सर्वांत शेवटपर्यंत तग धरते ते गणित. बाकी सगळे मुक्त केलेल्या अनेक घरांत रोज सकाळी वीस मिनिटे गणिताची वही उघडतेच, आणि हे पालक स्वतःला ‘गणित सोडून अनस्कूलर’ म्हणवतात.

शाळा सुटल्यानंतरच्या मधल्या काळाला ‘डीस्कूलिंग’ म्हणतात. शाळेतून बाहेर पडलेले मूल काही आठवडे किंवा महिने काहीच करत नाही: लोळते, तेच ते कार्टून पाहते, कंटाळा आला म्हणते. शाळेच्या दर एका वर्षाला एक महिना असा काळ जाऊ द्यावा, असा या मंडळींत प्रचलित ठोकताळा आहे. त्यामागे संशोधन नाही, पण घाबरलेल्या आईला दम धरायला तो उपयोगी पडतो. त्याच हिशेबाने पदवीपर्यंत पंधरा वर्षे शिकलेल्या पालकाला सव्वा वर्ष लागेल, आणि अनुभव साधारण तसाच आहे. मुलापेक्षा पालकाचे डीस्कूलिंग लांबते. मूल तासभर मुंग्यांची रांग बघत बसले की ‘चला, कीटकांवर प्रकल्प करूया’ असे तोंडातून निघतेच. त्या वाक्याबरोबर मुंग्यांचा तास सुरू होतो आणि मूल उठून जाते.

असे का व्हावे, यावर एक सुरेख प्रयोग आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना नळ्यांचे बनवलेले एक विचित्र खेळणे दिले. त्यात चार गमती होत्या: एक नळी ओढली की चूं आवाज येई, एकीत दिवा लागे, एकीतून संगीत वाजे, एकीत लपवलेल्या आरशात चेहरा उलटा दिसे. काही मुलांना संशोधक म्हणाली, हे खेळणे कसे चालते ते मी दाखवते, आणि नळी ओढून आवाज काढून दाखवला. दुसऱ्या मुलांसमोर तो आवाज चुकून निघाल्यासारखे केले. मग खेळणे मुलांच्या हाती दिले. ज्यांना ‘शिकवले’ होते ती मुले तो एकच आवाज पुन्हा पुन्हा काढत राहिली, कमी वेळ खेळली आणि उरलेल्या गमती त्यांना कमी सापडल्या. बाईंनी दाखवले तेवढेच असणार, हा त्यांचा तर्क चुकीचाही म्हणता येत नाही. बक्षिसांबद्दलचा याहून जुना प्रयोग १९७३ चा, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा. आवडीने चित्रे काढणाऱ्या लहान मुलांना आधी सांगून, चित्र काढल्याबद्दल रिबिन लावलेले प्रमाणपत्र दिले. पुढच्या दिवसांत ती मुले मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. घरातल्या स्टार-चार्टचे पुढे जे होते ते यावरून समजते.

यातून ‘मुलांना काहीच दाखवू नये’ असा निष्कर्ष काढणारे पालक आहेत, आणि तो चुकीचा आहे. बोनाविट्झ यांच्या प्रयोगातली शिकवलेली मुले दाखवलेली गोष्ट चटकन शिकली, हेही त्याच प्रयोगाचे फलित आहे. पोहणे, पेटी, करवत चालवणे यांत दाखवणाऱ्याशिवाय भागत नाही. अनस्कूलिंग करणारी मुलेही क्लास लावतात, कधी भरपूर लावतात; फरक इतकाच की क्लास मुलाने मागितलेला असतो आणि तो सोडताही येतो. न सांगता शिकण्याची जागा कशी तयार करायची, यावर न्यू मेक्सिकोच्या सँड्रा डॉड यांनी एक युक्ती लोकप्रिय केली: भिंग, जुना रेडिओ, जिल्ह्याचा नकाशा, परदेशी नाणे अशा वस्तू मुलाच्या वाटेत सहज दिसतील अशा ठेवायच्या आणि गप्प राहायचे. ठेवणे सोपे जाते, गप्प राहणे नाही.

गणिताची भीती वेगळी काढून बघायला हवी, कारण बहुतेक कुटुंबे तिथेच अडतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर शहराचे शिक्षणाधिकारी एल. पी. बेनेझेट यांनी १९२९ पासून काही वर्गांत पाचवीपर्यंतचे औपचारिक अंकगणित काढूनच टाकले आणि त्या वेळेत मुलांना बोलायला, सांगायला, अंदाज करायला लावले. त्यांनी निवडलेल्या शाळांत मुख्यतः स्थलांतरितांची मुले होती, कारण तिथले पालक तक्रार करणार नाहीत, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आज ते वाचताना अवघडायला होते. सहावीच्या सुरुवातीला ही मुले आकडेमोडीत साहजिकच फार मागे होती. वर्षभरात त्यांनी बाकीच्यांना गाठले. या प्रयोगावर आजच्या संशोधनाच्या कसोट्या लावल्या तर तो पुरता उतरणार नाही, पण अंकगणित सहाव्या वर्षी सुरू झाले नाही तर कायमचे बुडते ही समजूत त्याने मोडली.

घरात गणित येते ते असे: अकरा जण जेवायला आहेत, माणशी अडीच पुरणपोळ्या धरल्या तर किती लाटायच्या, आणि एक किलो डाळीला गूळ किती. सात-आठ वर्षांचे मूल हे बोटांवर, गोळे मांडून, चुकत करते. अकराचे दुप्पट बावीस, मग अकरा अर्ध्या म्हणजे साडेपाच, म्हणजे साडेसत्तावीस. अर्धी पोळी कशी लाटणार, मग अठ्ठावीस करू. दशांशचिन्ह न शिकताच त्याने अपूर्णांकाचा गुणाकार केलेला असतो आणि उत्तर पुढच्या पूर्णांकात बदलण्याचे कारणही त्याला माहीत असते. मराठी शाळेत एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. अडीचकी ज्याला पाठ आहे तो हे गणित एका दमात सांगेल. घोकंपट्टीचा तो कळस खराच, पण त्या कोष्टकांच्या मागे बाजार उभा होता, आणे-पैसे नि शेर-मण होते. बाजारातून ती गेली तशी शाळेतूनही गेली. गरज असेल तर माणूस पाठांतरही आपणहून करतो, हे क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असलेल्या कोणत्याही मुलाला विचारावे. मात्र स्वयंपाकघरातून बीजगणित येत नाही. वर्गसमीकरण आणि त्रिकोणमिती यांसाठी कधीतरी बसावेच लागते, आणि अनस्कूलिंग करणारी मुले सहसा बारा ते पंधराच्या दरम्यान, परीक्षा किंवा एखादी आवड समोर आली की बसतात. काही बसत नाहीत.

वाचनाचे गणितापेक्षा निराळे आहे. अनस्कूलिंगमध्ये चौथ्या वर्षी वाचणारी मुले आहेत, तशी नवव्या-दहाव्या वर्षी वाचायला लागणारीही आहेत. हॅरिएट पॅटिसन यांनी ३११ घरशिक्षित मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना कोणतीही एक पद्धत किंवा एक वय सापडले नाही. देवनागरीत हे थोडे सोपे जाते: अक्षर आणि उच्चार यांचे नाते सरळ असल्याने एसटीच्या पाट्या आणि दुकानांची नावे वाचता वाचता बाराखडी जमते. जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ मागाहून येतात, कित्येकांच्या बाबतीत शाळेत जाऊनही येत नाहीत. इथे एक धोका मात्र खरा आहे. शाळेत ज्या मुलाचे वाचन अडते त्याच्याकडे कोणाचे तरी लक्ष जाण्याची शक्यता असते. घरात ‘त्याची वेळ आली की वाचेल’ म्हणत डिस्लेक्सिया चार वर्षे झाकला जाऊ शकतो. अक्षरांशी झटूनही मूल पुढे सरकत नसेल, वाचनाच्या नावाने रडत असेल, तर तपासणी करून घेण्यात कोणतेही तत्त्व बुडत नाही.

मोबाइलचा प्रश्न या सगळ्यांहून तिखट आहे. अनस्कूलिंगमधला एक गट अभ्यासापुरते स्वातंत्र्य देतो. झोप, जेवण आणि स्क्रीन यांवर घराचे नियम राहतात. दुसरा, ‘रॅडिकल’ म्हणवणारा गट त्यांतही बंधन मानत नाही. मोकळे सोडले की मूल स्वतःच स्वतःला आवरते, असा त्यांचा दावा आहे. पुस्तक, माती आणि वस्तू यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. पण पुढची क्लिप आपोआप सुरू करणारे ॲप हे मुंग्यांच्या रांगेसारखे निरुपद्रवी नसते. बघणाऱ्याला उठू द्यायचे नाही म्हणूनच ते तसे बनवलेले असते. होल्ट यांच्या काळात ही अडचण या रूपात नव्हती, आणि त्यांच्या लेखनात तिचे उत्तर शोधणे व्यर्थ आहे.

मग निष्पन्न काय होते? ठोस पुरावा थोडा आहे आणि जो आहे तो दोन्ही बाजूंना बोलतो. बोस्टन कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे आणि जिना रायली यांनी २३२ अनस्कूलिंग कुटुंबांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. पालकांनी सांगितलेल्या अडचणींत वरच्या स्थानी दोन गोष्टी होत्या: नातेवाइकांची टीका आणि स्वतःच्याच मनातली शाळा. नंतर त्यांनी अनस्कूलिंगमधून वाढलेल्या ७५ प्रौढांना प्रश्न विचारले. त्यांतल्या ८३ टक्क्यांनी पुढे कोणते ना कोणते उच्च शिक्षण घेतले होते आणि बहुतेक जण आपल्या वाढीवर समाधानी होते. पण ही माणसे स्वतः पुढे येऊन बोललेली होती. ज्यांचे बिनसले ते अशा पाहणीत फारसे येत नाहीत. दुसऱ्या बाजूला सँड्रा मार्टिन-चँग आणि सहकाऱ्यांनी कॅनडात २०११ मध्ये पाच ते दहा वर्षांची ३७ घरशिक्षित आणि ३७ शाळकरी मुले तपासली. पद्धतशीर होमस्कूलिंगमधली मुले शाळकरी मुलांच्या पुढे होती, तर कोणताही आराखडा न ठेवलेल्या घरांतली मुले सर्वांच्या मागे. या शेवटच्या गटात अवघी १२ मुले होती, आणि मोजमाप होते ते शाळेच्याच कौशल्यांचे, शाळेच्याच वयाला. तरीही वेळापत्रक उतरवू पाहणाऱ्या कुटुंबाने हा निष्कर्ष नजरेआड करू नये. दहाव्या वर्षी मागे असणे आणि विसाव्या वर्षी मागे असणे यांत अंतर आहे, हे खरे. ते अंतर प्रत्येक मूल कापतेच, असे मात्र कोणी दाखवलेले नाही.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे, आणि अनस्कूलिंगवरच्या उत्साही लेखनात तो क्वचितच येतो. इथे शाळा ही भांडून मिळवलेली गोष्ट आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ज्या घरांच्या दोन-तीन पिढ्यांना शाळेच्या दारातून आत जाता आले नाही, त्यांना ‘शाळा सोडा’ हा सल्ला थट्टेसारखा वाटला तर नवल नाही. अनस्कूलिंगला घरात पुस्तके लागतात, एकाच्या पगारात भागावे लागते, आणि दिवसभर घरी राहणारे एक मोठे माणूस लागते. ते माणूस बहुतेक वेळा आई असते. वेळापत्रक उतरल्यावर तिचे काम कमी होत नाही. आधी तिला दोन तास शिकवायचे होते, आता दिवसभर उपलब्ध राहायचे असते, आणि ‘तू घरीच असतेस ना’ हे वाक्य वर ऐकायचे असते.

मुलाला ऐकावे लागणारे वाक्य वेगळे असते. मराठी माणूस अनोळखी मुलाला नावानंतर दुसरा प्रश्न ‘कितवीत आहेस?’ हाच विचारतो: लिफ्टमध्ये, लग्नात, दवाखान्यात. काही मुले वयावरून हिशेब करून ‘चौथीत’ म्हणून मोकळी होतात. काही जण ‘मी शाळेत जात नाही’ म्हणतात आणि पुढची दहा मिनिटे समोरच्याची समजूत घालतात. आजी-आजोबांची काळजी याहून खोल असते. नातवाचे पाढे ते गुपचूप तपासतात, आणि सुनेला काही बोलत नाहीत, किंवा बोलतात.

कायद्याचे चित्र देशागणिक बदलते. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे आणि २००६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही ती सक्ती मान्य केली. अमेरिकेत होमस्कूलिंग सगळ्या राज्यांत चालते, पण न्यूयॉर्कमध्ये पालकांना वार्षिक आराखडा, तिमाही अहवाल आणि सहावीपर्यंत वर्षाला ९०० तासांचा हिशेब द्यावा लागतो, तर टेक्सासमध्ये कुठे नोंदसुद्धा करावी लागत नाही. न्यूयॉर्कचे अनस्कूलर म्हणून एक कला शिकतात: मुलाने दिवसभर ओढ्यावर बांध घातला, तर अहवालात ‘जलस्रोत, उतार आणि बल यांचे प्रात्यक्षिक’ लिहायचे. त्यात खोटे काही नसते.

भारतात शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे त्याच्या कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०१२ मध्ये केंद्र सरकारने स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका मांडली. होमस्कूलिंगला स्पष्ट मान्यता देणारे कलम मात्र कायद्यात नाही. त्यामुळे घरी शिकवणारी कुटुंबे चालली आहेत ती कायद्यातल्या या मोकळ्या जागेत.

खरी अडचण वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी, कागदांच्या रूपाने येते. मुंबईतल्या एका मुलीने सातवीत शाळा सोडली, आईबरोबर घरी अनस्कूलिंग केले, आंतरराष्ट्रीय इन्फर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. तिच्याकडे बारावीचे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून आयआयटीचे दार मात्र बंद होते. ही गोष्ट नातेवाइकांना गप्प करायला अनेक घरांत सांगितली जाते, आणि तिथेच ती फसवी ठरते. ऑलिंपियाडची पदके हा सर्वसाधारण मुलाचा मार्ग नव्हे. सर्वसाधारण मुलाला दहावी आणि बारावी लागते. राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७ भरून ती बाहेरून देता येते, पण त्यासाठी आधी शाळेत असल्याचा कागद, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जवळ असावा लागतो. मूल शाळेतून काढताना तो न घेता निघालेले पालक इथे हात चोळत बसतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा घेते. कधीच शाळेत न गेलेल्या मुलासाठी अधिक रुळलेला रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की दहावीला नोंदणी करता येते, विषय आपल्या निवडीचे किमान पाच घ्यावे लागतात, आणि आठवीचे प्रमाणपत्र नसेल तर दहावी झेपेल इतके आपण शिकलो आहोत, असे विद्यार्थ्यानेच लिहून दिलेले चालते. नोंदणी पाच वर्षे टिकते. तेवढ्या मुदतीत परीक्षेला बसण्याच्या नऊ संधी मिळतात.